डोरेमॉनच्या आवाजामागची बाई



शाळा सुटली की पोरं दप्तर टाकतात आणि टीव्हीपुढे बसतात. निळा, गोल, बिनकानाचा एक मांजर-रोबोट पोटाच्या खिशातून नवनवीन वस्तू काढत असतो. तोच तो डोरेमॉन. भाकऱ्या थापता थापता त्याचं बोलणं आपल्याही कानावर पडतं. आपल्याकडे तो हिंदीत बोलतो, पण मूळचा तो जपानचा. तिथं त्याला तब्बल सव्वीस वर्षं एका बाईनं आवाज दिला. त्यांचं नाव नोबुयो ओयामा. आज त्यांच्याविषयी बोलू या. कारण आपल्या गटांतल्या कितीतरी जणी माईक पुढं केला की म्हणतात, "माझा आवाज चांगला नाही गं, तिलाच बोलू दे."

ओयामाबाईंचा जन्म १९३३ सालचा, टोकियो शहरातला. त्यांचा आवाज लहानपणापासून घोगरा. मुलीचा आवाज असा कसा, म्हणून शाळेत मुलं हसायची. पोर शाळेत बोलेनाशी झाली. तेव्हा आईनं तिला समजावलं. कमी वाटणारी गोष्ट झाकून ठेवली तर ती आणखी कमजोर होते. आवाज वेगळा असेल तर तो लपवू नको, उलट रोज वापर, असं तिचं सांगणं होतं. मग ही मुलगी शाळेत माईकवरून कार्यक्रम करणाऱ्या मुलांच्या गटात गेली, नाटकातही गेली. ज्या आवाजाला लोक हसत होते, तोच तिनं सगळ्यांपुढं आणला.

पुढं त्यांनी अभिनयाचं रीतसर शिक्षण घेतलं. जपानमध्ये टीव्ही १९५३ साली सुरू झाला होता. परदेशी मालिकांना जपानी आवाज लागायचे, नंतर तिथलीच कार्टूनंही निघू लागली. ओयामाबाईंच्या वाट्याला बहुतेक मुलग्यांची कामं आली.

तुम्ही म्हणाल, मुलग्याला बाईचा आवाज कशाला? त्याचं कारण सोपं आहे. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला की त्याचा आवाज फुटतो. कार्टूनमधला मुलगा मात्र वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. शिवाय लहान मुलाकडून तासन् तास काम करून घेता येत नाही. मोठ्या बाईचा आवाज तसा फुटत नाही आणि तिला अभिनयाची समज असते. डोरेमॉनचा मित्र नोबिता, त्यालाही जपानमध्ये नोरिको ओहारा या बाईनंच आवाज दिला.

हे काम चालतं कसं? जपानमध्ये बहुतेक वेळा आधी चित्र तयार करतात, आवाज नंतर भरतात. बंद खोलीत पडद्यावर चित्र चालू असतं. समोर मोजके माईक, हातात संवादांचे कागद. सगळे कलाकार एकत्र उभे राहतात आणि ज्याचं वाक्य येईल तो माईकपाशी जातो. चित्रातलं तोंड उघडलं की बोलायचं, मिटलं की थांबायचं. कागद उलटल्याची सळसळसुद्धा ऐकू येता कामा नये. पळताना लागलेली धाप, रडणं, खाणं, दचकणं, सगळं एका जागी उभं राहून करायचं. चेहरा कुणाला दिसत नाही, म्हणून जे काही सांगायचं ते आवाजातूनच.

डोरेमॉनचं कार्टून पहिल्यांदा आलं १९७३ साली. तेव्हा त्याला आधी एका पुरुषानं आणि मग दुसऱ्या एका बाईनं आवाज दिला, पण ते सहा महिन्यांतच बंद पडलं. एप्रिल १९७९ मध्ये ते नव्यानं सुरू झालं आणि काम ओयामाबाईंकडे आलं. त्यांनी विचार केला, हा रोबोट मूल सांभाळायला आलाय, मग याच्या तोंडी वेडंवाकडं कसं शोभेल? म्हणून त्यांनी त्याला नम्र, मायेची बोली दिली. आवाज मात्र आपलाच ठेवला, तोच घोगरा. ज्यांनी हे पात्र काढलं ते फुजिको एफ. फुजिओसुद्धा म्हणाले की डोरेमॉनचा आवाज असा आहे तर!

ओयामाबाईंना स्वतःचं मूल लाभून जगलं नाही. डोरेमॉनलाच त्यांनी लेकरासारखं जपलं. २००१ साली त्यांना कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली, तरी त्या पुन्हा माईकपुढं उभ्या राहिल्या. २००५ साली पाचही मुख्य कलाकारांनी एकत्रच काम नव्या पिढीकडे सोपवलं. तेव्हापासून तो आवाज वासाबी मिझुता देतात. त्याही बाईच.

पुढं ओयामाबाईंना स्मृतिभ्रंश झाला. त्यांच्या पतीनं बराच काळ हे मनातच ठेवून एकट्यानं त्यांना सांभाळलं. अखेर २०१५ साली त्यांनी ते उघड सांगितलं, आणि तेही रेडिओवरच्या कार्यक्रमात. आपल्याकडेही घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विसर पडायला लागला की आपण चारचौघांत बोलत नाही. सांगितलं तर निदान दवाखाना गाठता येतो आणि सांभाळणारीला हातभार मिळतो. सप्टेंबर २०२४ मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी ओयामाबाई गेल्या. नोबिताचा आवाज असलेल्या ओहाराबाई त्याच वर्षी जुलैत गेल्या होत्या.

आता आपलं बघू. गटाच्या बैठकीत ठराव वाचायचा असतो, बँकेत साहेबांशी बोलायचं असतं, ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न मांडायचा असतो. "घोगरा आहे", "बारीक आहे", "गावंढळ वाटतो" म्हणत आपण मागं राहतो आणि आपला प्रश्न दुसरंच कुणीतरी मांडतं, बहुतेक वेळा अर्धाच. आवाज गोड असण्यापेक्षा तो ऐकू येणं आणि त्यात सांगण्यासारखं काही असणं महत्त्वाचं.

सवय लावायला सोपी गोष्ट सांगते. पुढच्या बैठकीत मागच्या सभेचं इतिवृत्त सचिवानंच न वाचता पाळीपाळीनं एकेकीनं वाचावं. जिला वाचता येत नाही तिनं आपल्या कर्जाचा हिशेब तोंडी सांगावा. मोबाईल वीतभर अंतरावर धरून ते रेकॉर्ड करा आणि तिथंच सगळ्याजणी मिळून ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज परका वाटतो, कारण एरवी तो आपल्याला आपल्या हाडांतूनही ऐकू येत असतो. दोन-चार वेळा ऐकला की ओळखीचा होतो. त्यातलं रेकॉर्डिंग आमच्याकडे जरूर पाठवा. आवाज कसाही असला तरी आम्ही तो लावू.