स्वप्न तिचं, अर्थ कुणाचा?

पहाटेचं स्वप्न खरं होतं. दात पडल्याचं स्वप्न वाईट. गरोदरपणी साप दिसला, तर मग बघायलाच नको! घराघरांत चालणाऱ्या या हिशेबाला काही हजार वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासात स्वप्न पाहणारी एक असते, अर्थ सांगणारा भलताच कुणीतरी असतो.

जयपूरच्या दक्षिणेला, विमानतळाला लागून असलेलं सांगानेर मराठी घरांत पोचलं ते चादरींमुळे. पांढऱ्या कापडावर लाकडी ठशांनी उठवलेली बारीक फुलं-पानं ही इथल्या छिपा कारागिरांची ओळख. सांगानेरी चादरीवर झोपून आपण किती स्वप्नं पाहिली असतील, कुणास ठाऊक! पण स्वप्नांशी या गावाचा याहून जुना संबंध आहे. गावात संघीजींचं दिगंबर जैन मंदिर आहे. उंच शिखरांचं, दगडी कोरीवकामानं भरलेलं आणि सुमारे हजार वर्षांचं जुनं मानलं जाणारं. जमिनीखाली त्याचे आणखी मजले आहेत आणि तिथे फक्त दिगंबर मुनींनीच उतरायचं, अशी परंपरा आहे. मंदिराचे मूळनायक म्हणजे मुख्य देव आहेत आदिनाथ, अर्थात पहिले तीर्थंकर ऋषभदेव. आणि आदिनाथांची गोष्ट सुरू होते ती त्यांच्या जन्मापासून नाही. ती सुरू होते आईच्या स्वप्नांपासून.

मरुदेवीची सोळा स्वप्नं

आई मरुदेवी. रात्रीच्या शेवटच्या प्रहरी तिला एकामागून एक सोळा स्वप्नं पडली : शुभ्र हत्ती, बैल, सिंह, हत्ती सोंडेनं न्हाऊ घालताहेत अशी लक्ष्मी, फुलांच्या दोन माळा, पूर्ण चंद्र, उगवता सूर्य, सोन्याचे दोन कलश, माशांची जोडी, कमळांचं सरोवर, समुद्र, सिंहासन, देवांचं विमान, नागांचा महाल, रत्नांची रास आणि धूर नसलेला अग्नी. सकाळी तिनं ती पतीला, नाभिराजाला सांगितली. नाभिराजानं एकेकाचा अर्थ लावला. सिंह म्हणजे अपार बळ, सूर्य म्हणजे तेज, धूर नसलेला अग्नी म्हणजे कर्म जाळून टाकणारा पुत्र. हे सगळं जिनसेन आचार्यांच्या 'आदिपुराणा'त सविस्तर आलंय. नवव्या शतकातले हे जिनसेन राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे गुरू. त्या राजाची सत्ता महाराष्ट्रावरही होती, म्हणजे ही कथा आपल्याला परकी नाही.

सांगली-कोल्हापूरकडच्या मराठी जैन कुटुंबांना तर ती तोंडपाठ असते. नव्या मूर्तीच्या पंचकल्याणक महोत्सवात पहिल्या दिवशी गर्भकल्याणक होतं, तेव्हा हीच सोळा स्वप्नं मंडपात दाखवली जातात. श्वेतांबर परंपरेत स्वप्नं चौदा. पर्युषणात महावीरांच्या जन्माचं वाचन होतं, त्या दिवशी चांदीची चौदा स्वप्नं वरून खाली उतरवतात आणि त्या मानासाठी बोली लागते. एका आईच्या झोपेतली चित्रं दोन हजार वर्षांनंतरही इतक्या थाटात मिरवली जावीत, असं दुसरं उदाहरण शोधून सापडायचं नाही.

पडद्याआडची राणी

श्वेतांबरांच्या 'कल्पसूत्रा'त एक गमतीची नोंद आहे. मरुदेवीच्या काळी स्वप्नं सांगणारे पंडितच नव्हते, म्हणून नाभीनं स्वतःच अर्थ लावला! महावीरांची आई त्रिशला हिच्या वेळेपर्यंत मात्र हा रीतसर व्यवसाय झालेला होता. राजा सिद्धार्थानं आधी स्वतः अर्थ सांगितला, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशी स्वप्नपाठकांना दरबारात बोलावणं गेलं. ते न्हाऊन, ठेवणीतले कपडे घालून आले. राणीसाठी दरबारात पडदा लावला होता. स्वप्नं तिची, पण ती पडद्याआड बसली. ती पंडितांपुढे मांडली राजानं.

पंडितांनी आधी आपसात चर्चा करून एकमत केलं. (राजापुढे दोघांनी दोन अर्थ सांगून कसं चालेल?) मग सांगितलं : शास्त्रात एकूण ७२ स्वप्नं आहेत. त्यांपैकी ४२ साधी, ३० महास्वप्नं. तीर्थंकराची किंवा चक्रवर्तीची आई त्या तिसांतली चौदा पाहते, वासुदेवाची आई सात, बलदेवाची चार, मांडलिक राजाची एक. दक्षिणा घेऊन पंडित परतले.

पण याच कथेत त्रिशलेनं स्वतःच्या बुद्धीनं केलेली एक गोष्ट आहे. स्वप्नं राजाच्या कानावर घातल्यावर ती पुन्हा झोपलीच नाही. झोपले आणि वाईट स्वप्न पडलं, तर चांगल्याचं फळ जाईल, म्हणून उरलेली रात्र तिनं धर्मकथांत जागून काढली. हाच नियम 'चरकसंहिते'तही सापडतो. चरकानं स्वप्नांचे सात प्रकार सांगितले. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं आणि कल्पिलेलं असे पहिले पाच प्रकार निष्फळ म्हणून त्यानं सरळ बाजूला काढले. दिवसा पडलेलं, फार लांबलेलं, फार छोटं स्वप्नही बाद. उरतात फक्त दोन : पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांमुळे पडणारं. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' असं आजी म्हणते, तेव्हा ती चरकाच्याच बाजूनं बोलत असते. बसस्टँडवर मिळणाऱ्या स्वप्नफळांच्या पुस्तिकांत ही चाळणी गायब असते. तिथे दिसेल त्या प्रत्येक स्वप्नाला फळ असतं, आणि वाईट फळाला तोडगा. तोडग्याला अर्थातच पैसे पडतात.

आरसा पाहिला, सवत आली!

जगात इतरत्र काय होतं? इजिप्तमध्ये देर अल-मदिना या कारागिरांच्या वस्तीत सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचं एक पपायरसचं भेंडोळं सापडलं. ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात स्वप्नांची यादी, पुढे 'चांगलं' किंवा 'वाईट' असा शेरा, आणि वाईट हा शब्द लाल शाईत. 'माणसाला स्वप्नात आरशात स्वतःचं तोंड दिसलं, तर वाईट : दुसरी बायको' असा एक अर्थ त्यात दिलाय. इथे माणूस म्हणजे पुरुषच! त्याच्या पहिल्या बायकोला काय स्वप्न पडलं, याची यादी कुणी केली नाही.

दुसऱ्या शतकातला ग्रीक आर्टेमिडोरस जरा शहाणा होता. जत्रांत, बाजारांत भटकून त्यानं लोकांची स्वप्नं आणि त्यांचं पुढे काय झालं ते गोळा केलं. दात म्हणजे घरातली माणसं, असं तोही सांगतो. मात्र त्याचा आग्रह असा, की स्वप्न ऐकण्याआधी माणूस कोण, धंदा काय, परिस्थिती कशी, ते विचारा. एकच स्वप्न गरिबाला एक सांगेल, श्रीमंताला दुसरं. त्याचा ग्रंथ नवव्या शतकात बगदादमध्ये अरबीत गेला. ज्यूंच्या तालमुदमधली कथा तर फारच बोलकी आहे. जेरुसलेममध्ये स्वप्नं सांगणारे चोवीस जण होते. एका धर्मगुरूनं एकच स्वप्न चोवीसही जणांना सांगितलं, चोवीस वेगवेगळे अर्थ मिळाले, आणि सगळे खरे ठरले!

१९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी दाखवून दिलं, की झोपेत काही वेळा मिटलेल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात आणि तेव्हा उठवलं, तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. झोपेचा हा टप्पा साधारण दीड-दीड तासानं येतो आणि पहाटेकडे लांबत जातो. म्हणून पहाटेची स्वप्नं ठसठशीत असतात, लक्षात राहतात. खरी होतात की नाही, हा भाग वेगळा. गरोदर बाई रात्रीतून अनेकदा जागी होते, त्यामुळे तिला स्वप्नं जास्त आठवतात, यातही नवल नाही.

मुलगी आहे म्हणून काय झालं?

नवल आहे ते तिच्या स्वप्नांच्या चौकशीचं. 'काय दिसलं गं? फळ की फूल?' हा प्रश्न वरवर कौतुकाचा. पण त्यामागे कान टवकारलेले असतात ते मुलगा की मुलगी यासाठी. गर्भाचं लिंग सांगायला १९९४ च्या कायद्यानं डॉक्टरांना मनाई केली. स्वप्नाचा अर्थ लावणाऱ्या सासूबाईंना, आत्याबाईंना कुठला कायदा लागू होणार? आणि एखादीनं भीत भीत 'फूल दिसलं' म्हटलं, की घरातलं कौतुक त्या दिवसापासून उतरणीला लागतं.

अशा घरांत मिथिलेची कथा सांगायला हवी. कुंभ राजाची राणी प्रभावती हिला तीच चौदा महास्वप्नं पडली. तोच हत्ती, तोच सिंह, तोच बिनधुराचा अग्नी. पंडितांच्या हिशेबानं तीर्थंकर येणार हे ठरलेलं. राणीला डोहाळे लागले फुलांचे. फुलांच्या माळांनी मढवलेल्या शय्येवर झोपावंसं तिला वाटू लागलं. आणि जन्माला आली मुलगी. तिचं नाव मल्ली ठेवलं. एकोणिसाव्या तीर्थंकर मल्ली या स्त्री होत्या, असं श्वेतांबर मानतात. दिगंबर मानतात, की मल्लिनाथ पुरुषच होते. सांगानेरच्या मंदिरात गेलात, तर हेच दुसरं उत्तर मिळेल. हा वाद जुना आहे. पण श्वेतांबरांच्या पोथीत तरी मुलगी होणार म्हणून आईच्या स्वप्नांतलं एकही कमी झालेलं नाही.

कोल्हापूरची बहिणा

आणि एक बाई आपल्याकडची. सतराव्या शतकात कोल्हापुरात राहणारी बहिणा, पुढे संत बहिणाबाई म्हणून ओळखली गेलेली. वय लहान, नवरा वयानं खूप मोठा, तापट, वेदपाठी ब्राह्मण. जयरामस्वामींच्या कीर्तनाला ती आवडत्या वासरासह जाते, म्हणून त्यानं तिला बेदम मारलं. पुढे ते वासरू मेलं. बहिणा भान हरपून पडली आणि स्वप्नात तिला तुकाराम दिसले. देहूचे, कुणबी, तिनं कधीही न पाहिलेले. त्यांनी तिला मंत्र दिला. खुद्द तुकोबांनाही बाबाजींचा उपदेश असाच स्वप्नात झाला होता. पण तुकोबा पुरुष होते. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू मानावं, तेही एका स्वप्नाच्या भरवशावर?

नवरा भडकला. घर सोडून निघून जायच्या तयारीला लागला. बहिणेनं ना पंडित बोलावला, ना अर्थ विचारला. तिला तो कळला होता. नवरा निघायच्या बेतात असतानाच आजारी पडला, त्याचं मन पालटलं, आणि सगळं कुटुंब देहूला गेलं. पुढे तिनं आपलं चरित्र अभंगांत सांगितलं. त्यात ते वासरू आहे, तो मार आहे आणि ते स्वप्नही आहे, तिच्याच शब्दांत.