एका मनोऱ्याचं से कॅथेड्रल

निपाणी, आजरा, आंबोली करत गोव्यात उतरणारी आमची कबनूर-इचलकरंजीची मंडळी जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकेच्या रांगेत तास घालवतात आणि रस्त्यापलीकडच्या से कॅथेड्रलसमोर नुसता फोटो काढून परततात. खरं तर गोव्याचा इतिहास इथे जास्त दिसतो.

25 नोव्हेंबर 1510 ला पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला. तो संत कॅथरिनच्या सणाचा दिवस, म्हणून कॅथेड्रल तिच्या नावाचं. आजची वास्तू 1562 मध्ये पोर्तुगालच्या राजा सेबास्तियांवच्या काळात सुरू झाली, तेव्हा शहर ऐन भरात होतं. मुख्य काम संपायला 1619 उजाडलं, वेद्या पुऱ्या व्हायला 1652. नव्वद वर्षं! तोवर साथींनी वस्ती पोखरली होती, डच आरमाराने बंदराची नाकेबंदी करून व्यापाराची रया घालवली होती. 1683 मध्ये संभाजी महाराजांनी शेजारचं जुवे बेट घेतलं, तेव्हा घाबरलेला विजरई धावला तो मात्र समोर, बॉम जेझूत, संत फ्रान्सिस झेवियरच्या समाधीपाशी.

वास्तू सुमारे 76 मीटर लांब, जांभ्या दगडाची, वर चुन्याचा गिलावा. बाहेरून टस्कन धाटणी, म्हणजे साधी, जवळजवळ रुक्ष. आत कमानदार छत, जाडजूड खांब, कोरिंथियन नक्षी आणि मुख्य वेदीवर सोन्याच्या मुलाम्यात कॅथरिनच्या हौतात्म्याचे प्रसंग. ग्रीक-रोमन वळणाची नवअभिजात शैली युरोपात गाजली ती अठराव्या शतकात. त्या खांबांची शिस्त मांडवीकाठी त्याच्या कितीतरी आधी आली होती.

1776 मध्ये दोनपैकी एक मनोरा कोसळला. पुन्हा बांधला नाही, आणि माझ्या मते बरंच झालं. त्या लंगडेपणानेच दर्शनी भाग लक्षात राहतो. उरलेल्या मनोऱ्यात 'सोन्याची घंटा' आहे. इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, जाहीर शिक्षांच्या वेळी हीच वाजे, असं सांगतात. तिच्या गोड नादाचं कौतुक करताना हेही लक्षात ठेवावं.

1843 मध्ये राजधानी रीतसर पणजीला गेली, घरं मोडली, माड वाढले. 1986 मध्ये युनेस्कोने इथल्या चर्च-मठांना जागतिक वारसा ठरवलं. झेवियरचं शवप्रदर्शन साधारण दहा वर्षांनी से कॅथेड्रलमध्येच होतं. अलीकडचं 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात झालं.