मंगलपरिणयाची नोंद

धम्मदीक्षेनंतर आपल्या समाजाने जे नवे घडविले, त्यात विवाहविधीतील परिवर्तन फार खोलवर गेले. मुहूर्त, होम आणि कन्यादान मागे पडले. बुद्धप्रतिमेसमोर त्रिसरण-पंचशील ग्रहण करून, परस्परांना प्रतिज्ञा देऊन आणि पुष्पहार घालून वधूवर संसारास आरंभ करू लागले. मात्र या विधीकडे न्यायालय कसे पाहील, याचा विचार आपण विवाहमंडपाबाहेर फारसा केला नाही.

काही काळापूर्वी आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी जन्मतारखेच्या दाखल्यासाठी कार्यालयात आली. पतीने दुसरे लग्न केले होते आणि तिच्याशी आपला विवाह झालाच नाही, असे तो आता सांगत होता. तिच्यापाशी लग्नपत्रिका आणि पाच-सहा छायाचित्रे होती. विवाहाची नोंद कोठेही नव्हती. त्या दिवसापासून हा विषय आम्हांस केवळ नागरिकशास्त्राचा राहिला नाही.

बौद्धांसाठी आज स्वतंत्र विवाह कायदा नाही. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २ नुसार तो बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू होतो. हे नाव आपल्याला खटकते, आणि स्वतंत्र कायद्याची मागणी रास्तच आहे. तरीही या कायद्यातील एकपत्नीत्व, घटस्फोट आणि पोटगी यांच्यामागे बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलाची पुण्याई आहे, हे विसरून चालणार नाही. ते बिल रखडल्यामुळे २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

विवाहाच्या वेळी दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा, दोघेही संमती देण्यास मानसिकदृष्ट्या समर्थ असावेत, वराचे वय २१ व वधूचे १८ पूर्ण असावे आणि निषिद्ध नाते नसावे, अशा कलम ५ च्या अटी आहेत. मामाची मुलगी करण्यास रूढीचा आधार लागतो. वयाच्या बाबतीत तर विवाह लावणाऱ्यावरही जबाबदारी आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यान्वये त्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळा सोडल्याचा दाखला पाहिल्याखेरीज बौद्धाचार्यांनी मंगलपरिणयाची तारीख देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खरी गुंतागुंत कलम ७ मध्ये आहे. वधू किंवा वर यांपैकी कोणाच्याही रूढीप्रमाणे विधी झाला पाहिजे, असे ते सांगते. सप्तपदी सर्वांना सक्तीची नाही. पण जो विधी झाला तो सिद्ध करता आला पाहिजे. भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, दुसरे लग्न आवश्यक विधींनी झाल्याचे सिद्ध न झाल्यास द्विभार्येचा गुन्हा ठरत नाही. म्हणजे फसविल्या गेलेल्या स्त्रीलाच पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही लग्नांचा पुरावा गोळा करीत फिरावे लागते!

नोंदणी केली नाही म्हणून विवाह रद्द होत नाही. उलट, विधीच न करता मिळविलेल्या प्रमाणपत्राने या कायद्याखालील विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली सांगितले. तेव्हा विधी आणि नोंद दोन्ही हवेत. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहानंतर ९० दिवसांत नोंदणीचा अर्ज द्यावयाचा असतो. खेड्यात हे काम ग्रामपंचायतीतच होते. अर्जावर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि विवाह लावणाऱ्याचीही सही लागते. ज्यांना विधीच नको, त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. स्वतः बाबासाहेब व माईसाहेब यांचा विवाह १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीनेच झाला होता.

पती-पत्नीच्या कर्तव्यांविषयी तथागतांनी सिगालोवाद सुत्तात सांगितलेच आहे. पतीने पत्नीचा सन्मान करावा, अवमान करू नये, एकनिष्ठ राहावे, घरातील अधिकार तिच्या हाती द्यावेत, तिला अलंकार द्यावेत. पत्नीनेही एकनिष्ठ राहावे आणि मिळकत सांभाळावी. आपल्याकडे दुसरी बाजू फार ऐकविली जाते, पहिली क्वचितच. कायदा अधिकार सोपवा म्हणत नाही, पण किमान आधार देतो. पोटगी पती वा पत्नी कोणीही मागू शकते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने पत्नीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, मग घर सासऱ्याच्या नावावर का असेना. विवाह अवैध ठरला तरी त्यातील अपत्ये औरस मानली जातात.

आमच्या त्या विद्यार्थिनीचा विवाह लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी स्वतःच्या वहीत तारीख, गाव आणि साक्षीदारांची नावे लिहून ठेवली होती. ते वृद्ध आहेत, तरी वही घेऊन न्यायालयात यायला तयार झाले. प्रकरण अद्याप न्यायप्रविष्ट आहे.