मंद आचेवरची स्पॅनिश

मैत्रिणींनो, परकी भाषा म्हटली की आपल्यातल्या कित्येकींच्या पोटात गोळा येतो. शाळेतल्या इंग्रजीचा धाक अजून गेलेला नसतो. लिहायचं एक, वाचायचं भलतंच! स्पॅनिशचं तसं नाही. सुमारे वीस देशांची ही भाषा बहुतेक लिहिली तशीच वाचतात. मंगळवेढ्यात घरी बसून, मोबाइलवरही तिचे धडे गिरवता येतात.

सुरुवात आपल्या रोजच्या ‘हळू’ आणि ‘लांब’पासून करू या. संथ म्हणजे ‘लेंतो’, लांब म्हणजे ‘लार्गो’. इंग्रजीतल्या ‘लार्ज’शी गल्लत नको, मोठा म्हणजे ‘ग्रांदे’.

इंग्रजीच्या वाटेने शिकणारे अडखळतात ते लिंगापाशी. आपल्याला मात्र ‘काळा बैल, काळी गाय’ आईच्या मांडीवरच पाठ झालेलं! तसंच ‘कामिनो लार्गो’ म्हणजे लांबचा रस्ता आणि ‘फिला लार्गा’ म्हणजे लांबच लांब रांग, शेजारच्या पंढरपुरात आषाढीला लागते तशी. विशेषण बहुधा नामाच्या मागून येतं, एवढंच. काही विशेषणं बदलतच नाहीत. आपलं ‘सुंदर’ जसं मुलालाही चालतं आणि मुलीलाही, तसं ‘इंतेर्मिनाब्ले’, म्हणजे न संपणारं.

एक सांभाळायचं. आपली एसटी ‘ती’, पण त्यांची बस ‘तो’. म्हणून रखडणारी बस ‘आउतोबुस लेंतो’. नवा शब्द लिहून घेताना शेजारी ‘तो’ की ‘ती’ हेही लिहून ठेवा.

स्वयंपाकघरात तर ही भाषा अगदी घरचीच वाटते. दूध आटवायला ठेवतो ते ‘आ फुएगो लेंतो’, मंद आचेवर. जड जेवण म्हणजे ‘कोमिदा पेसादा’. रटाळ भाषणालाही हाच शब्द, फक्त ‘पेसादो’ म्हणायचं. ‘देस्पासितो’ हे 2017 मधलं गाणं तर मुलांना ठाऊकच असेल. ‘देस्पासिओ’ म्हणजे हळू आणि ‘देस्पासितो’ म्हणजे आपलं लाडिक ‘हळूच’.

रोज दोन शब्द पुरेत. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेली आपली ज्वारीसुद्धा काळ्या रानातल्या ओलीवर चार महिने सावकाशच वाढते ना? स्पॅनिश बायका याला म्हणतात ‘पोको आ पोको’. आपलं थोडं थोडं!