तहाचे मानकरी कोण?

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील यादवीची वार्ता आपल्या वृत्तपत्रांत क्वचितच येते. आणि आली तरी ‘ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान’ एवढ्या एका ओळीत तिचा निकाल लावला जातो. ही ओळ सर्वस्वी खोटी नाही. पण ती रोगाचे लक्षण सांगते, कारण सांगत नाही. या देशात धर्माच्या नावाने रक्त सांडले ते २०१३ नंतर. बंदूक हा सत्तेकडे जाणारा सर्वांत जवळचा रस्ता आहे, हा धडा मात्र तेथे त्याच्या कितीतरी आधी गिरविला गेला होता.

१३ ऑगस्ट १९६० रोजी फ्रान्सच्या अमलातून हा देश स्वतंत्र झाला. स्वातंत्र्याचे नेते बार्थेलेमी बोगांडा हे आदल्याच वर्षी विमान अपघातात मृत्यू पावले होते. त्यांच्यानंतर आलेल्या डाको यांना १९६५ च्या शेवटच्या रात्री लष्करप्रमुख बोकासा यांनी पदच्युत केले आणि १९७७ मध्ये दरिद्री प्रजेच्या पैशाने स्वतःला सम्राट म्हणून राज्याभिषेक करवून घेतला. १९७९ मध्ये फ्रेंच सैनिकांनी सम्राटाला हटवून डाको यांना परत आणले. १९८१ मध्ये कोलिंग्बा या सेनापतीने डाको यांना पुन्हा घालविले. १९९३ च्या निवडणुकीने पातासे यांना सत्ता दिली. ती २००३ मध्ये बोझिझे यांनी शस्त्रबळावर हिरावून घेतली. बोझिझे यांनाही मार्च २०१३ मध्ये शस्त्रधाऱ्यांनीच पळवून लावले. मतपेटीने दिलेले बंदुकीने न्यावे, असाच जणू तेथील शिरस्ता झाला.

बोझिझे यांना घालविणारी ‘सेलेका’, म्हणजे सांगो भाषेत ‘युती’, ईशान्येकडून आली होती. पावसाळ्यात राजधानी बांगीपासून तुटणारा, रस्ते, शाळा व न्यायालये यांना पारखा असलेला हा मुलूख. तेथील मुसलमानांना आपल्याच देशात परके लेखले जाई. ही तक्रार खरी होती. पण ती घेऊन आलेल्या टोळ्यांनी गावेच्या गावे लुटली. त्यांच्याविरुद्ध उठलेल्या ‘अँटी-बलाका’ टोळ्यांनी सूड उगविला तो सामान्य मुसलमान शेजाऱ्यांवर. लक्षावधी माणसे परागंदा झाली. त्या काळात बांगीचे आर्चबिशप एन्झापालैंगा यांनी इमाम कोबिन लायामा यांना आपल्या निवासस्थानी आश्रय दिला, ही गोष्ट ‘धर्मयुद्ध’ हा शब्द सैलपणे वापरणाऱ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

पुढे तहांची मालिका सुरू झाली. तिचे मर्म एकाच प्रसंगातून उघड होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये खार्तूम येथील वाटाघाटींनंतर सरकारने १४ सशस्त्र गटांशी करार केला. अध्यक्ष तुआदेरा, जे पूर्वाश्रमीचे गणिताचे प्राध्यापक, यांच्या राजवटीत तीन गटांच्या म्होरक्यांना पंतप्रधानांचे लष्करी सल्लागार नेमण्यात आले. त्यांत ‘थ्री-आर’ या गटाचा नायकही होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याच गटाच्या माणसांनी वायव्येकडील कुंजिली, लेमुना इत्यादी गावांत ४० हून अधिक निःशस्त्र लोकांची कत्तल केली. डिसेंबर २०२० मध्ये हे तिन्ही ‘सल्लागार’ निवडणूक उधळण्यासाठी सरकारवरच चालून गेले. बांगी वाचली ती रशियाचे भाडोत्री सैनिक आणि रवांडाचे सैन्य यांच्या बळावर. आणि असे साह्य कोणी फुकट करीत नाही.

वाटाघाटी करूच नयेत, असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. ज्याच्या हाती बंदूक आहे त्याच्याशी बोलल्यावाचून बंदूक खाली ठेवविता येत नाही, हा युक्तिवाद वजनदार आहे. परंतु तहाच्या मेजावर बसण्यास शस्त्र हीच एकमेव पात्रता ठरली, तर उद्या आणखी कोणी शस्त्र का उचलू नये? अशा तहातून शांतता निपजत नाही. पुढच्या बंडाला लागणारे भांडवल निपजते. ज्या शेतकऱ्याने बंदूक घेतली नाही, ज्या शिक्षकाची शाळा ओस पडली, त्यांची खुर्ची मात्र रिकामीच राहते.

वस्तुतः या मूक लोकांनी आपले म्हणणे मांडले होते. मे २०१५ मध्ये बांगी येथे भरलेल्या राष्ट्रीय परिषदेत घोर अपराध्यांना माफी नको, अशी निःसंदिग्ध मागणी झाली. त्याच वर्षी विशेष फौजदारी न्यायालयाचा कायदा झाला. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी त्या न्यायालयाने पहिला निकाल दिला, तो नेमका कुंजिली-लेमुना हत्याकांडाचा. थ्री-आरचे तिघे दोषी ठरले. न्याय तोकडा खरा, पण त्या गावांतील मृतांची नोंद प्रथमच राज्याच्या दप्तरात झाली.

एप्रिल २०२५ मध्ये एन्जामेना येथे थ्री-आर आणि आणखी एका गटाशी सरकारने पुन्हा करार केला. जुलैत हे गट विसर्जित झाल्याचे जाहीरही झाले. हे विसर्जन खरे ठरो, असेच कोणीही इच्छील. पण त्याची कसोटी किती बंदुका जमा झाल्या वा किती नायकांना पदे मिळाली ही नव्हे. कुंजिलीच्या माणसाला करारात प्रथमच मानाचे स्थान मिळते की पूर्वीप्रमाणेच तो केवळ मृतांच्या यादीत उरतो, यावरच त्या देशाचे भवितव्य ठरणार आहे.