वाढदिवसाची सोडत

मुलाला विसावे लागले की आई काहीतरी गोडधोड करते. १९६५ पासून ऑस्ट्रेलियातल्या आया मात्र त्या वाढदिवसाला धसकू लागल्या. कारण सरकारी पिंपातून लाकडी गोट्या काढीत आणि गोटीला जी जन्मतारीख नेमलेली असे, त्या तारखेच्या मुलांना लष्कराचे बोलावणे येई. होय, गोट्याच! आणि मतदानाचा हक्क? तो एकविसाव्या वर्षी!

व्हिएतनामशी या देशाचे वैर ते काय? पण अमेरिकेची मैत्री राखायची होती, कम्युनिझमची धास्ती होती. १९६२ साली ३० सल्लागार गेले, म्हणे केवळ शिकवायला. १९६५ साली एक पलटण गेली. पुढच्याच वर्षी सोडतीतली पोरेही निघाली. १८ ऑगस्ट १९६६ रोजी लाँग टान येथील रबराच्या मळ्यात, धो धो पावसात, १०८ जणांची तुकडी सापडली. त्या लढाईत ऑस्ट्रेलियाचे १८ जण प्राणांस मुकले.

परतणेही असेच, पावलापावलाने. १९७० मध्ये एक पलटण घरी आली, तिच्या जागी दुसरी धाडली नाही. डिसेंबर १९७२ मध्ये व्हिटलम पंतप्रधान झाले, सक्ती थांबली, आणि उरलेले सल्लागारही परतले.

त्यांची स्वागतयात्रा सिडनीत निघाली ती १९८७ मध्ये. पहिल्या सोडतीतली पोरे तोवर चाळिशी ओलांडून गेली होती.