भर उन्हाळ्यात डोंगा रंगवू नका, भाऊ!

एका ढीवर काकांनी अडगळीत टाकलेला दोन माणसांचा सागवानी डोंगा मी मागून आणला. आणि पहिल्याच फटक्यात माती खाल्ली: मे महिना, नागपूरचं ऊन, भर दुपारी ऑइलपेंट. वरची साय झटकन वाळली, खालचा थर ओलाच. आठ दिवसांत फोड! सगळं पुन्हा खरवडलं. आपल्याकडे हे काम फेब्रुवारी-मार्चच्या सकाळचं. पावसाळ्यात लाकूड वाळतच नाही.

फटींचं गणित वेगळंच. उन्हात फळ्या आकसतात, भेगा दिसतात, आणि आपण लांबी ठासून भरतो. तसं करू नका. पाण्यात लाकूड फुगतं, मग लांबी बाहेर येते, कधी फळीही उचलली जाते. कापसाचा पीळ बेताने ठोकायचा, वरून डांबर. लोखंडी खिळे गंजले की भोवतालचं लाकूडही खातात. परवडलं तर तांब्याचे घ्या.

आतून मी रंग दिलाच नाही, जवसाचं तेल पाजलं. जवस आपल्या विदर्भातलंच पीक! फक्त तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा मोकळी पसरून वाळवा.

लाकूड पोखरणारा समुद्री किडा आपल्या तलावांत नसतो, त्यामुळे कोकणातल्या होड्यांसारखा तळाला महागडा विषारी रंग लागत नाही. दुकानदार गळ्यात मारतो, सांभाळा.

आता नाकाडावर कोणता रंग? मी पिवळा म्हणतो, घरचे हिरवा.